उरलेल्या गोळ्या

९ जानेवारी

प्रिय इन्स्पेक्टर,

रविवारी फोनवर तू "बरी आहेस ना?" विचारतेस, मी "बरी" म्हणते, आणि पुढे "बाबा" एवढं म्हणायला तोंड उघडलं की तुझ्याकडे पेशंट येतो. सुट्टीच्या दिवशी, नेमका त्याच वेळी. म्हणून हे पत्र. पत्र फार तर तू ड्रॉवरमध्ये टाकशील, पण त्याला "पेशंट आलाय" असं सांगता येत नाही. शिवाय त्या अर्धांगाच्या झटक्यानंतर बोलताना माझी जीभ अडखळते, ती कागदावर अडखळत नाही.

माझं ठीक चाललंय. डावा पाय आता दारापर्यंत सोबत करतो. डावा हात मात्र पाहुण्यासारखा मांडीवर बसून असतो, बोलतही नाही आणि जातही नाही. व्यायाम करून घ्यायला एक मुलगी येते, ती माझ्याशी मी पहिलीत असल्यासारखी बोलते. "शाब्बास आजी!" मी तिला म्हटलं, बाई गं, मी जन्मभर शाळेत गणित शिकवलंय, शाब्बासकी द्यायचं काम माझं. तर म्हणाली, "मग मोजा ना आजी, दहापर्यंत." मोजले. काय करणार?

स्वेटरची बटणं बाबा लावतात. एक चुकीच्या काजात जातं, मग पुढची सगळी चुकतात, मग सगळी सोडून ते पुन्हा पहिल्यापासून लावतात. मी काही बोलत नाही. गप्प बसणं मला किती जड जातं ते तुला माहीत आहे.

तुझा लेख पोचला. बाबा ते डॉक्टरांचं मासिक अजून मागवतात. तुम्ही लोकांनी कितीतरी दवाखान्यांतले केसपेपर काढून पाहिलेत, आणि ज्यांची नाडी माझ्यासारखी बेताल झाली त्यांतल्या किती जणांना गाइडलाइनप्रमाणे रक्त पातळ करायची गोळी मिळाली ते मोजलंत. लहानपणी दारात उभी राहून घरात येणाऱ्या प्रत्येकाची नखं तपासायचीस, तेव्हा बाबांनीच तुझं नाव इन्स्पेक्टर ठेवलं. आता डॉक्टरांची नखं तपासतेस. निम्म्यांना गोळी मिळालीच नव्हती, आणि ज्यांना मिळाली त्यांतही बऱ्याच जणांना भीतभीत कमी डोस दिलेला. का नाही दिली, तर डॉक्टरांनी लिहिलं होतं: वय झालंय, पडण्याची भीती आहे, विसराळू आहे. बाबांनी त्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारली. मी विचारलं, "कसं लिहिलंय?" म्हणाले, "चांगलं आहे. जरा लांबलंय." मग चष्मा शोधायला आत गेले. चष्मा टेबलावरच होता.

हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये तू त्यांना म्हणालीस, "बाबा, हे तुम्ही केलंत." ते मी स्ट्रेचरवरून ऐकलं. सगळ्यांना वाटत होतं, हिला काही कळत नाही. मला सगळं कळत होतं, फक्त मधे पडता येत नव्हतं. त्याला आता दीड वर्ष होईल. तेव्हापासून तू त्यांच्याशी एक शब्द बोललेली नाहीस.

तू खोटं बोललीस असं मी म्हणत नाही. हृदयाचे वरचे कप्पे नीट पिळायचं सोडून नुसते थरथरायला लागले की रक्त साचतं, साचलं की गुठळी होते, आणि ती मेंदूत जाऊन बसते. एट्रियल फिब्रिलेशन. एवढं मोठं नाव घेतलं की माझी जीभ दुसऱ्यांदा पांगळी होते. वय, ब्लडप्रेशर, साखर, ज्याचे त्याचे गुण मांडायचे आणि बेरीज करायची. माझी बेरीज कुणीही केली असती तरी गोळी द्या हेच उत्तर आलं असतं. पण ती कुणी मांडलीच नाही. दवाखान्यात प्रत्येकाचा केसपेपर असतो, माझा कधी निघालाच नाही. डॉक्टरच्या बायकोला केसपेपर कशाला? माझी नाडी चहाच्या टेबलावर बघितली जायची, दुसऱ्या हातात कप धरून. दिव्याखाली अंधार म्हणतात तो आमच्याकडे रोज सकाळी चहाला असायचा.

आणि तुम्ही दोघं! तू फोनवर सांगायचीस, "बाबा, आईला गोळी सुरू करा," आणि ते म्हणायचे, "बघतो." पुन्हा तू, पुन्हा "बघतो." दोन डॉक्टर माझ्या नाडीवरून भांडत होते आणि मी मधे बसून मटार सोलत होते. तुझ्या बाईसाहेबपणाला आणि त्यांच्या बघतो-पणाला एक क्षणभरही सुचलं नाही, की हिला विचारावं.

आता चित्रकलेच्या मास्तरांची गोष्ट. तुला ती अर्धीच माहीत आहे. आमच्या शाळेतले मास्तर. त्यांची नाडी बिघडली तेव्हा बाबांनी एका दिवसात गोळी लिहून दिली. तेव्हा ते असेच होते, पुस्तकात आहे ना, मग द्यायची, संपलं. मास्तर स्टुलावर चढून चित्र टांगत होते, पडले, डोक्यात रक्तस्राव झाला आणि गेले. हे तुला ठाऊक आहे. पुढचं नाही. नंतर त्यांची बायको दवाखान्यात आली. इतरांबरोबर रांगेत बसली, नंबर आल्यावर आत गेली, गोळ्यांची अर्धी पट्टी टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "डॉक्टर, ह्या उरल्या. कुणाला तरी उपयोगी पडतील." रडली नाही, रागावली नाही. रागावली असती तर फार बरं झालं असतं. त्या दिवशी बाबा जेवले नाहीत.

तेव्हापासून त्यांचा पेन अडायला लागला. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. हा पडेल, ती विसरेल, तो एकटा राहतो. कारण शोधणाऱ्याला कारण सापडतंच. सगळ्यांना ॲस्पिरिन. ह्या आजारात तिचा फारसा उपयोग नाही, हे त्यांना तुझ्याइतकंच माहीत होतं, पण काहीतरी दिल्याचं समाधान. मलाही तीच. एकदा मला म्हणाले होते, "गुठळीने माणूस गेला तर आजाराने गेला. रक्तस्रावाने गेला तर माझ्या सहीने गेला."

ही मी त्यांची वकिली करत नाहीये. हात माझा गेलाय, रागवायचं तर पहिला नंबर माझा. मी रागावलेही होते. पुष्कळ दिवस. पण जो माणूस रोज सकाळी खाली वाकून तुमच्या पायात मोजे चढवतो, त्याच्यावर राग टिकवून धरणं फार कष्टाचं असतं. लांब राहिलं की सोपं जातं.

बाकी ठीक. बाबा हल्ली जिना चढताना मधे थांबतात. विचारलं तर म्हणतात, कॅलेंडर बघत होतो. आपल्या जिन्यात कॅलेंडर नाही.

तुझी,
आई


२ फेब्रुवारी

प्रिय इन्स्पेक्टर,

तुझी चिठ्ठी मिळाली. "आई, तुझ्याबद्दल लिही. त्यांच्याबद्दल नको." बरं. माझ्याबद्दल लिहिते. काल मी माझ्या नवऱ्याचा हात धरला.

चहाच्या टेबलावर. इतकी वर्षं ते माझी नाडी बघायचे, काल मी त्यांची बघितली. मला त्यातलं शास्त्र कळत नाही, पण मोजता येतं, आणि ती मोजता येत नव्हती. दोन ठोके लगोलग, मग थांबायची, मग तीन घाईघाईने. माझी अशीच होती म्हणे. त्यांनी हात सोडवून घेतला नाही. मी विचारलं, "कधीपासून?" म्हणाले, "झाले दोन-तीन महिने." म्हणजे जिन्यातलं ते कॅलेंडर. मागचं पत्र लिहिताना मला संशय होता, तुला लिहिला नाही. म्हटलं, आधी तू गोष्ट तरी वाच.

कंपाउंडरने त्यांचा कार्डिओग्राम काढला. बिचारा म्हणाला, "डॉक्टर, श्वास रोखू नका, तुम्हीच सगळ्यांना सांगता." कागद निघाला. तेच, मोठ्या नावाचं. वय, ब्लडप्रेशर, त्यांचीही बेरीज मी मांडली. गोळी घ्यायला हवी. आणि ते घेत नाहीत.

म्हणतात, "तुला दिली नाही, आता मी कुठल्या तोंडाने घेऊ?"

मी असली भडकले म्हणून सांगू. म्हटलं, "अहो, तोंड कुठलंही असो, पाण्याबरोबर गिळायची असते! तुम्ही प्रायश्चित्त घेऊन आडवे पडणार आणि मी एका हाताने तुमच्या चादरी बदलणार का?" त्यावर काय म्हणाले असतील? "बघतो."

तो शब्द मी आधीही ऐकलेला आहे. खरंच सांगते, मला भीती वाटते. मला झालं तेव्हा मला भीती वाटली नव्हती, वेळच मिळाला नाही. आता रोज सकाळी ते उठून बसेपर्यंत मी त्यांच्या तोंडाकडे बघत असते, ओठांचे दोन्ही कोपरे सारखे आहेत ना म्हणून.

दुसऱ्या डॉक्टरकडे चला म्हटलं तर तेही नाही. पलीकडच्या चौकातला डॉक्टर त्यांच्याच हाताखाली शिकलेला. म्हणतात, "तो मला बघून घाबरेल आणि कमी डोस देईल." घेणार नाहीत ती गोळी, पण तिचा डोस मात्र बरोबर पाहिजे! आहे की नाही गंमत?

ऐकतील तर ते तुझंच ऐकतील. घरच्यांनी घरच्यांना औषध देऊ नये, हा नियम तूच मला समजावला होतास. आमच्या घराने त्या नियमाचं काय केलं ते मी मांडीवर घेऊन बसले आहे, मला नको सांगूस. तरी मागते. तू राग सोड असं मी म्हणत नाही. राग ठेव, हवा तेवढा ठेव, रागाने लिही. पण गोळी लिही.

आई


२१ फेब्रुवारी

अगं इन्स्पेक्टर,

तुझा कागद आला त्या दिवशी बाबांनी दारातच पाकीट फोडलं. मायना नाही, खुशाली नाही. वर त्यांचं नाव, वय, वजनापुढे प्रश्नचिन्ह, किडनीच्या रिपोर्टापुढे प्रश्नचिन्ह, आणि खाली, "ह्याशिवाय डोस ठरवता येणार नाही. फोन करा." ते पुन्हा पुन्हा वाचत होते. मला म्हणाले, "फोन करा म्हणतेय." मी म्हटलं, "मग करा." तर आधी वजन करायला गेले, आणि वजन करायच्या आधी भांग पाडला.

तुम्ही बोललात ते मी सगळं ऐकलं. स्पीकर मीच लावायला सांगितला होता. तुझा आवाज असा, जणू परीक्षा घेतेयस.

"वजन?"

"बहात्तर."

"किडनीचं क्रिएटिनिन?"

"एक पॉइंट एक."

"पोटात अल्सर, रक्त पडणं, कधी काही?"

"नाही."

"ॲस्पिरिन घेताय?"

बाबा रिपोर्टाची घडी घालायला लागले.

"बाबा, ॲस्पिरिन घेताय का?"

"घेतोय."

"आजपासून बंद. आईची आहे तीच गोळी, दिवसातून दोनदा, पूर्ण डोस."

बाबा म्हणाले, "कमी डोसने सुरुवात करू या का?"

तेव्हा तू जे काय सुरू केलंस! "तुमचं वय ऐंशी आहे का? वजन साठच्या आत आहे का? किडनी बिघडलीय का? ह्या गोळीला तीनांतल्या दोन गोष्टी बसल्या तरच डोस कमी करतात. तुमच्यात एकही बसत नाही. मग कमी डोस कुठल्या नियमात बसतो?"

आणि बाबा हसले. हसून म्हणाले, "कुठल्याच नाही, इन्स्पेक्टर."

 तुझा श्वास ऐकू आला. मग म्हणालीस, "ब्लडप्रेशर रोज मोजा आणि मला कळवा." रोज! बाबांनी फोन ठेवला आणि माझ्याकडे पाठ करून ब्लडप्रेशरचं यंत्र शोधायला घेतलं. मी मुद्दाम स्वयंपाकघरात गेले. तिथे जाऊन रडले, त्यांनीही आपलं उरकून घेतलं असावं.

आता रोज संध्याकाळी तुम्ही बाप-लेक ब्लडप्रेशरवर बोलता. वरचं इतकं, खालचं इतकं, ठीक आहे, ठेवते. ह्याहून गोड बोलणं मी ह्या घरात ऐकलेलं नाही.

सकाळी चहाबरोबर एक गोळी मी घेते, एक ते घेतात. गोळी तीच, डोस तोच, पट्टी वेगळी. ते आधी कपाला कप लावतात. म्हातारचळ, दुसरं काय.

आणि तुला ते सांगणार नाहीत म्हणून मी सांगते. त्यांनी कंपाउंडरला जुने केसपेपर काढायला लावलेत. ज्यांना ज्यांना ॲस्पिरिनवर ठेवलं होतं त्यांना बोलावून घेतात, समोर बसवून बेरीज मांडतात. काहीजण रागावतात, म्हणतात, तेव्हा का नाही दिलीत? बाबा म्हणतात, "घाबरलो होतो." असं नुसतं सांगून टाकतात. दोघांच्या घरी तर म्हणे कंपाउंडर निरोप घेऊन गेल्यावर कळलं, की ते आधीच गेले, आता बोलावून उपयोग नाही. 

पण ह्या सगळ्यांच्या आधी त्यांनी माझा केसपेपर काढला. नवा कोरा. माझं पूर्ण नाव लिहिलं, वय विचारलं, मी खोटं सांगितलं, त्यांनी खरं लिहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर मी त्यांची पेशंट झाले. मग म्हणाले, "आता हा दुसऱ्या डॉक्टरकडे पाठवून देतो."

सुट्टीत येते म्हणालीस. बाबांनी तुझ्या खोलीचं दार रंगवायला काढलंय. मी मुद्दाम काही बोललेले नाही, दृष्ट लागायला नको, म्हणजे तू नक्की येशील.

आई


११ एप्रिल

प्रिय इन्स्पेक्टर,

दार रंगवून झालं. रंग तुला आवडणार नाही. मी सांगितलं होतं फिकट घ्या, त्यांनी दुकानदाराचं ऐकलं. तू येऊन भांड, मी आता भांडून दमले. जावईबापूंना म्हणावं, सामान कमी आणा, जिना चढवायला घरात धडधाकट माणूस नाही.

खाली बाबांना काहीतरी लिहायचंय.

आई

१२८/७८. नाडी बेतालच, पण आवरलेली. गोळी चुकलेली नाही. आईला विचार. खोली तयार आहे.

बाबा


१७ ऑगस्ट

माझ्या बाळा,

तू परत गेल्यापासून तीनचार वेळा लिहायला बसले. दर वेळी हात आपोआप "बाबा ठीक आहेत" असं लिहायला घेतो. मग कागद फाडते. म्हणून इतके दिवस पत्र नाही.

काल जावईबापूंचा फोन आला. "आई, तुम्हाला सांगू नको म्हणालीय, पण राहवत नाही," अशी सुरुवात. म्हणाले, तू ती गोळी लिहीत नाहीस. बाबा गेल्यापासून तसा पेशंट आला की शेजारच्या खोलीतल्या डॉक्टरकडे पाठवतेस, आणि ज्यांना पाठवता येत नाही त्यांना कमी डोस देतेस, नियमात बसो न बसो. दवाखाने तपासायचं कामही सोडलंस. आणि घरी काहीच बोलत नाहीस, फक्त एकदा म्हणालीस, "बाबांनी कमी डोस मागितला होता."

मागितला होता. मीही ऐकलंय. स्पीकर मीच लावायला सांगितला होता.

त्या सकाळचं मी तुला सगळं सांगितलेलं नाही. आता सांगते. तुझ्या सुट्टीला थोडेच दिवस उरले होते. ते सफरचंद कापत होते. सुरी खाली ठेवली आणि म्हणाले, "डोकं दुखतंय. हे नेहमीचं नाही." कुठे फोन करायचा ते त्यांनीच मला सांगितलं. जीभ जड व्हायला लागली तसे ते भराभर बोलायला लागले. ॲम्ब्युलन्समधल्या माणसाला गोळीचं नाव सांगितलं, डोस सांगितला, सकाळी कधी घेतली ते सांगितलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या केस सांगितल्या, त्या दिवशी स्वतःची सांगितली. मग माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता मला काहीतरी म्हणतील. म्हणाले, "तिला सांग, डोस बरोबर होता." शब्द धड उमटत नव्हते, तो माणूस म्हणाला, आजोबा काय म्हणतायत कळत नाही. मला कळलं. मीही तसंच बोलते ना. तू पोचलीस तोवर ते शुद्धीवर नव्हते, मास्तरांसारखाच डोक्यात रक्तस्राव.

तुला हे तेव्हाच का नाही सांगितलं? कारण मला राग आला होता. इतक्या वर्षांचा संसार, त्याचं शेवटचं वाक्य, ते तुझ्यासाठी, आणि तेही डोसबद्दल! मी ते स्वतःकडे ठेवून घेतलं. म्हटलं, माझं नाही तर नाही, निदान माझ्यापाशी तरी राहू दे. म्हातारपणी माणूस कशाकशाचा हेवा करेल सांगता येत नाही. आज ज्याचं त्याला देते. तुझं आहे ते.

त्यांनी नियम मोडला आणि माझा हात गेला. तू नियम पाळलास आणि बाबा गेले. हे असं दोन ओळींत लिहिलं की वाटतं, मग त्या नियमाला अर्थ काय? मलाही वाटलं होतं. मे महिनाभर मला दुसरं काही वाटत नव्हतं. तुझ्यावरही राग आला होता, लपवत नाही, आणि तो तुझ्या बाबतीत चुकीचा आहे हे कळत असूनही आला होता. पण मी गणिताची बाई आहे, हिशेब चुकला की मला झोप येत नाही, म्हणून मी पुन्हा पुन्हा मांडून बघितला. ही गोळी पुष्कळांना दिली तर पुष्कळांचा झटका टळतो आणि थोड्यांना रक्तस्राव होतो. कुणाला काय होणार ते आधी कुणालाच कळत नाही. ज्याचा टळला त्याला ते माहीतसुद्धा नसतं. तो कधी रांगेत बसून सांगायला येत नाही की डॉक्टर, आज मला काही झालं नाही. येते ती मास्तरांची बायको. एकटी तीच येते, आणि डॉक्टरच्या टेबलावर बाकी सगळ्या माणसांवर तिची अर्धी पट्टी भारी पडते. बाबांचं तसंच झालं. तुझं तर विचारूच नको, तुझ्या टेबलावर ती पट्टी ठेवायला बाहेरचं कुणी आलंच नाही, तुझी तूच ठेवलीस.

खाण तशी माती, बाळा. मास्तर गेले आणि त्यांचा पेन अडला. ते गेले आणि तुझा अडला. त्यांचा अडला त्याचे भोग माझ्या वाट्याला आले. तुझा अडलाय त्याचे कुणाच्या वाट्याला येतायत? शेजारच्या खोलीत जायला सांगितलेली एखादी बाई गर्दी बघून घरी निघून गेली असेल. कमी डोस घेऊन निर्धास्त होऊन मटार सोलत बसली असेल. तिलाही मुलगी असेल.

मला त्यांची फार आठवण येते. सकाळी सगळ्यात जास्त. बटणं आता मी एका हाताने लावते, बरोबर काजात लागतात, आणि ती तशी लागलेली बघून रडू येतं.

आता एक काम आहे तुझ्याकडे.

बाबांच्या गोळ्या उरल्या होत्या. पुढच्या कित्येक दिवसांच्या आणून ठेवल्या होत्या त्यांनी, तुझा फोन आला की "संपत आल्या" म्हणावं लागू नये म्हणून. त्या कुणाच्या तरी टेबलावर नेऊन ठेवाव्यात असं एकदा माझ्याही मनात आलं. मास्तरांच्या बायकोला ते का करावंसं वाटलं असेल ते मला तेव्हा समजलं. टाकवत नाहीत आणि घरात बघवत नाहीत. मग म्हटलं, गोळी तीच आहे, डोस तोच आहे. आधी माझ्या संपवल्या आणि मग त्यांच्या घ्यायला लागले. सकाळी एक, संध्याकाळी एक, चहाबरोबर. कंपाउंडर भेटायला आला होता, त्याने ते बघितलं आणि ओक्साबोक्शी रडला. म्हणाला, "बाई, ज्याने डॉक्टर गेले तेच तुम्ही कसं गिळता?" मी म्हटलं, "अरे, माझा दुसरा झटका हीच थोपवून धरतेय. तिला बिचारीला काय माहीत, कुणाच्या पट्टीतली आहे."

आता त्याही संपत आल्या. हॉस्पिटलची चिठ्ठी जुनी झाली, दुकानदार नवी मागतो. पुढच्या महिन्यापासून मी चौकातल्या डॉक्टरकडे जाणार आहे. माझा केसपेपर बाबांनी त्याच्याकडे पाठवलाय, घरच्यांनी घरच्यांना औषध देऊ नये हे ह्या घराला आता कळलंय. पण मधली ही एक चिठ्ठी मला तुझ्या हातची हवी.

वय त्र्याहत्तर, ह्या वेळी खरं सांगतेय. क्रिएटिनिन शून्य पॉइंट नऊ. वजन अठ्ठावन्न. वजन साठच्या आत आहे, म्हणून तुझा पेन अडेल, मला माहीत आहे. पण एकाने भागत नाही, तीनांतल्या दोन गोष्टी लागतात. फोनवर मी ऐकलंय.

पट्टीत थोड्याच राहिल्यात. त्या संपायच्या आत लिहून पाठव. पूर्ण डोस लिही.

आई